आधी हॉबिटच

लेख आवडला, पण टोल्किनच्या नव्या वाचकांनी ‘सिल्मरिलियन’पासून सुरुवात करावी, कारण मिडल-अर्थचा, म्हणजे त्यांच्या कल्पित जगाचा, इतिहास तिथून सुरू होतो, हे काही पटलं नाही. पाहुणा दारात उभा आणि आपण त्याला वंशावळ ऐकवतोय, असं होतं ते. टोल्किन गेल्यावर चार वर्षांनी, १९७७ साली, त्यांच्या मुलाने ख्रिस्तोफरने ते संपादित करून काढलं. नावांच्या त्या जंगलात मी दोनदा हरवलोय.

आधी ‘द हॉबिट’ (१९३७) घ्या. पेपर तपासताना कोणा विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं एक पान हाती लागलं आणि टोल्किननी त्यावर सहज खरडलं: जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं!

भाषांचा विषय लेखात एका ओळीत उरकलाय. अहो, खरी गंमत तिथेच आहे! फिनिशच्या नादावर क्वेन्या, वेल्शच्या वळणावर सिंदारिन, अशा एल्फ या कल्पित लोकांच्या भाषा त्यांनी स्वतः रचल्या. आधी भाषा, मग ती बोलणारे लोक.

आणि त्यांची बायको एडिथ राहिलीच की. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांतून टोल्किन तापाने आजारी होऊन परतले. पुढच्या वर्षी यॉर्कशायरच्या रानात पांढऱ्या फुलांमध्ये ती त्यांच्यासाठी नाचली, त्यातून लूथिएन ही एल्फ-राजकन्या सुचली. ऑक्सफर्डला दोघांच्या थडग्याचा दगड एकच. तिच्या नावाखाली ‘लूथिएन’ कोरलंय, त्यांच्या नावाखाली ‘बेरेन’, म्हणजे कथेतला लूथिएनचा प्रियकर. हे कळल्यापासून, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये अ‍ॅरागॉर्न रात्री शेकोटीपाशी हॉबिटांना बेरेन-लूथिएनची गोष्ट सांगतो, त्या पानावर मी दर वेळी रेंगाळतो.