मिक्सरच्या मोटरीत चुंबक शोधू नका

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात नववीतली दोन मुलं जुना मिक्सर पिशवीत घालून आली. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘फुकट वीज’ करायची होती. "काका, यातलं चुंबक कुठं असतं?" मग मोबाईलवरचा मेसेज दाखवला. तो मलाही चार ग्रुपांवरून आलेला होता. मजकूर साधारण असा: जुना मिक्सर-पंखा भंगारात देऊ नका, त्यांच्या मोटरीत शक्तिशाली चुंबक असतं, शाफ्ट फिरवला की 220 व्होल्ट तयार. दोन मोटरी पट्ट्यानं जोडा, एकदा फिरवल्या की कायम चालू. पंख्याचा कपॅसिटर लावला की वीज दुप्पट. आतली तार तांब्याची, ती कॉइलला वापरा. बारक्या मोटरी मात्र कचऱ्यात टाका.

चुंबकापासून सुरुवात करू. मुलांसमोरच मिक्सर उघडला. मधे आर्मेचर म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, त्याच्या टोकाला कम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, त्यावर टेकलेले, करंट आत नेणारे दोन कार्बन आणि दोन बाजूंना फिल्ड कॉइल म्हणजे न फिरणारी तारेची वेटोळी. बारीक टाचणी सगळीकडून फिरवली, कुठंही चिकटली नाही. या मोटरीत चुंबकाचं काम फिल्ड कॉइलच करते आणि तेही करंट आत गेल्यावर. म्हणून ती एसीवर चालते तशी डीसीवरही चालते. युनिव्हर्सल मोटर हे नाव त्यावरूनच पडलं. शाफ्ट हातानं जोरात फिरवला तेव्हा मल्टिमीटरवर मिलिव्होल्टचे आकडे जरा हलले, इतकंच. ते कॉइलच्या आतल्या लोखंडी पत्र्यांत उरलेल्या किंचित चुंबकत्वाचं. फिल्डचं कनेक्शन सुटं करून तिला बॅटरी दिली तर हीच मोटर जनरेटर होते, हे कबूल. पण मग बॅटरी आलीच की! शिवाय ही मोटर मिनिटाला 18-20 हजार फेऱ्यांसाठी बनवलेली असते. ते काम हाताचं नाही.

छताच्या नेहमीच्या पंख्यातही चुंबक नसतं. आत वायंडिंग, बाहेर फिरणाऱ्या भागात पत्रे आणि त्यांत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या दांड्या. नुसता फिरवून काही हाती लागत नाही. अपवाद आहे तो बीएलडीसी पंख्याचा, म्हणजे कार्बन नसलेल्या, सर्किटवर चालणाऱ्या डीसी मोटरीच्या, 75 वॅटच्या जागी तीसेक वॅट खाणाऱ्या पंख्याचा. त्याच्या बाहेरच्या कड्यात खरंच चुंबकं असतात. जानेवारी 2023 पासून पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यानंतर हे पंखे घरोघरी दिसू लागले. माझ्याकडे येतात त्यांचं बहुतेक वेळा सर्किट गेलेलं असतं, मोटर ठणठणीत. तीन वायरी बाहेर काढा, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे सहा डायोड लावा, हातानं फिरवा, एलईडी पेटतो. मेसेजवाल्यानं हे सोडून बाकी सगळं सांगितलंय.

आता एकमेकींना फिरवणाऱ्या दोन मोटरी. छोट्या मोटरीची कार्यक्षमता 70 टक्के धरू, तीही उदार मनानं. जनरेटरचीही तेवढीच. 100 वॅट घातले तर शाफ्टवर 70 मिळतात, त्या 70 चे जनरेटरमधून 49 बाहेर येतात. दुसऱ्या फेरीला 24. पट्ट्याचं घर्षण तर मी धरलेलंच नाही. एवढं असून व्हिडिओत बल्ब पेटतो, तो कसा? मुलांनी दाखवलेल्या व्हिडिओत बल्ब इन्व्हर्टर बल्बसारखा जाडजूड होता. त्या बल्बच्या आत बॅटरी असते, खालच्या दोन टोकांना बोटं लावली तरी तो पेटतो. मी दुकानातला तसाच एक तळहातावर पेटवून दाखवला. धाकट्या पोराचं तोंड उतरलं.

कपॅसिटरचं गणित तर दोन ओळींचं. पंख्याला साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. 230 व्होल्ट एसीच्या शिखराला, म्हणजे 325 व्होल्टला भरला तर त्यात सुमारे 0.13 ज्यूल मावतात. एक वॅटचा एलईडी त्यावर सेकंदाचा आठवा भाग चालेल. पंख्यात तो वायंडिंगमधल्या करंटला पुढे-मागे करून मोटर सुरू करायला असतो, वीज वाढवायला नाही. चटका मात्र सणसणीत देतो. काढण्याआधी टोकांना रेझिस्टर लावून तो रिकामा करा.

तारेबद्दल: तांबड्या वॉर्निशला भुलू नका, स्वस्त मोटरीत तशीच दिसणारी ॲल्युमिनियमची तार असते. ब्लेडनं खरवडा. चंदेरी निघाली तर साधं सोल्डर तिला धरणार नाही.

आणि कचऱ्यात टाकायला सांगितलेल्या त्या बारक्या मोटरी! मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आला, कारण कामाच्या वस्तू त्याच. जुन्या प्रिंटरच्या स्टेपर मोटरीत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटरीत, चुंबक असतंच. चार वायरींची असेल तर दोन-दोन वायरी जोडून शाफ्ट फिरवून बघा. ज्या जोडीला शाफ्ट जड होतो ती एका कॉइलची. मीटरही लागत नाही. कूलरची पाती हलवणारी स्विंग मोटर काडेपेटीहून थोडीच मोठी, पण तिच्यातही चुंबक आणि वर गिअर. शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवला तरी आतला रोटर पळतो. वेगानं फिरवलात तर उघड्या टोकांवर शंभरावर व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा वायरी धरून फिरवू नका, आणि जोर केलात तर प्लॅस्टिकचे दाते तुटतील.

भंगाराच्या डब्यातून अशीच एक काढून मुलांना दिली. दोन एलईडी उलट-सुलट जोडले, म्हणजे एकाला उलटा व्होल्टेज आला की दुसरा तो पिऊन टाकतो. थोरल्यानं शाफ्टवर सायकलच्या स्पोकची मूठ बसवली. फिरवली तशी लाल-हिरवी आलटून पालटून लुकलुकायला लागली. मिक्सर परत पिशवीत गेला. त्याचे फक्त कार्बन झिजले होते, थोरल्याच्या आईसाठी नवे टाकून दिले.