पिच वाढवला की बोट जोरात पळते? नाही पळत

पावसाळा सरून बोटी पाण्यात उतरायची वेळ झाली की हौसेने स्पीडबोट घेतलेल्या लोकांच्या फोनवर बोट ढकलणाऱ्या पंख्याबद्दल (प्रोपेलरबद्दल) एक सल्ला ठरल्यासारखा येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार हेच: "कंपनीने दिलेला ॲल्युमिनियमचा पंखा काढून टाका. दोन पिच मोठा, स्टीलचा, जमलं तर चार पात्यांचा लावा. आरपीएम खाली येतील, इंजिन आरामात चालेल, स्पीड वाढेल, पेट्रोल वाचेल. आरपीएम चढूनही बोट पळत नसेल तर पिच कमी पडतोय असं समजा. आणि पातं वाकलं तर हातोडीने सरळ होतं, घाबरू नका."

पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जायला हवा याचं माप, आणि आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. मांडव्यापासून मालवणपर्यंत हा सल्ला लोक मनापासून पुढे पाठवतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चूक आहे, नाही तर अर्धवट आहे, आणि त्यापायी चांगली इंजिनं खराब होतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"पिच मोठा, स्पीड जास्त."

आधी पंख्यावरचा आकडा वाचू. पंख्यावर १३-१/४ × १७ असं कोरलेलं असेल तर सव्वातेरा इंच हा त्याचा व्यास आणि १७ इंच हा पिच. पंखा एका फेऱ्यात जराही न घसरता पुढे गेला असता तर जेवढं अंतर कापलं असतं, तो पिच. यावरून हिशेब सोपा वाटतो: १७ ऐवजी १९ लावला तर प्रत्येक फेऱ्याला दोन इंच जास्त. पण हा हिशेब इंजिन पूर्वीइतकेच फेरे मारेल असं धरून केलेला आहे, आणि नेमकं तेच होत नाही.

आकडे मांडून बघा. आरपीएमला पिचने गुणायचं, आणि गिअर रेशो (इंजिनाचे किती फेरे झाले की पंख्याचा एक होतो तो आकडा) गुणिले १२१५ ने भागायचं. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला नॉटिकल मैलांत, येतं. ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे आणि गिअर रेशो २.१५ आहे असं समजा. १९ पिच आणि ५५०० आरपीएम धरले तर कागदावर ४० नॉट येतात. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाच आकडा असतो. आता बोटीत सहा माणसं, भरलेली टाकी, बर्फाची पेटी, नांगर आणि दोर. साधारण नियम असा की पिच एक इंच वाढला की फुल थ्रॉटलचे (वेगाची लिव्हर पूर्ण पुढे टाकल्यावरचे) आरपीएम दीडशे ते दोनशेने पडतात. ही बोट १७ पिचवर ५१०० करत असेल तर १९ वर ती ४७०० च्या आसपास अडकेल. ४७०० ला १९ पिचचे कागदावर होतात ३४ नॉट. ५१०० ला १७ पिचचे होतात ३३. म्हणजे दोन इंच पिच वाढवून कागदावरसुद्धा जेमतेम एक नॉट मिळाला, आणि पंखा पाण्यात घसरतो त्यात तो एक नॉटही जातो, कारण जड बोट मोठ्या पिचने ओढताना घसर वाढते.

सल्ल्यात खरेपणाचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. त्याच बोटीत दोनच माणसं असतील, अर्धी टाकी असेल आणि तळ स्वच्छ असेल, तर तेच इंजिन १९ पिच पूर्ण फिरवू शकेल आणि बोट खरोखर जास्त पळेल. ज्यांनी एकट्याने बोट पळवून स्पीड वाढल्याचा व्हिडिओ पाठवला ते खोटं बोलत नाहीत. पण शनिवारी घरची सगळी मंडळी चढली की ती बोट वेगळी असते. पंखा निवडायचा तो नेहमीच्या ओझ्यासाठी.

"आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम."

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला आरपीएम किती हवेत याचा पट्टा दिलेला असतो. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना तो ५००० ते ६००० असतो. लिव्हर पूर्ण पुढे टाकल्यावर इंजिन त्या पट्ट्यात पोचलं पाहिजे, जमलं तर वरच्या अर्ध्या भागात. लिव्हर पूर्ण पुढे आणि आरपीएमचा काटा ४५०० वर अडकलेला, ही इंजिनाची दमछाक आहे, त्याला आराम कुणी म्हणू नये. भरलेली गाडी घाटात टॉप गिअरवर चढवताना इंजिन जसं धडधडतं, तसंच हे आहे. फरक इतकाच की गाडीत गिअर खाली टाकता येतो, बोटीला पुढे जायला एकच गिअर असतो. पंख्याचा पिच हाच तो गिअर, आणि तो तुम्ही किनाऱ्यावरच पक्का करून निघालेले असता.

आत काय होतं? थ्रॉटल पूर्ण उघडा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल भरपूर जातं, पण पिस्टन सावकाश वरखाली होतो. दाब आणि उष्णता वाढते, पेट्रोल नको त्या क्षणी पेटू लागतं, ठोके बसतात. पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, सगळ्यांवर ताण येतो. त्यात भर म्हणजे थंड पाणी चढवणारा इंपेलर इंजिनाच्याच शाफ्टवर असतो. फेरे कमी तर पाणीही कमी, आणि तेही नेमकं उष्णता जास्त असताना.

उलट्या टोकालाही धोका आहे. पिच फार लहान घेतला तर इंजिन पट्ट्याच्या वर जातं, फेरे हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर लागतो, इंजिन अडखळू लागतं. पण निदान ते लगेच कळतं. मोठ्या पिचचं नुकसान एक-दोन सीझन कळतच नाही, इंजिन शांत वाटतं म्हणून मालक खूश असतो.

पेट्रोलचंही तसंच. सर्वात जास्त पेट्रोल जातं ते बोट नाक वर करून, मागे मोठी लाट ओढत, अजून पाण्यावर उठलेली नसते तेव्हा. मोठ्या पिचने तो वेळ लांबतो. संथ पाण्यात, हलक्या बोटीने, एका ठरावीक क्रूझिंगवर थोडा मोठा पिच पेट्रोल वाचवूही शकतो. पण रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी लाटा अंगावर येताना दर लाटेला बोट बसते, पुन्हा उठवावी लागते, आणि वाचलेलं सगळं तिथेच जातं. तपासायचं असेल तर आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरकडे पाहून अंदाज बांधू नका. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या माणसांनिशी नेहमीच्या मार्गावर जाऊन या, पुन्हा काठोकाठ भरा, आणि लिटरला किती नॉटिकल मैल पडले ते जीपीएसवरून काढा. दोन्ही पंख्यांनी, भरती-ओहोटीच्या साधारण त्याच वेळेला.

"आरपीएम चढतात, बोट पळत नाही, म्हणजे पिच कमी."

हे निदान ऐकून लोक नवा पंखा घेतात आणि खरा दोष तसाच राहतो. पंख्याच्या पोटात रबराचा किंवा प्लास्टिकचा हब असतो. पंखा कशावर आदळला तर गिअरला धक्का बसू नये म्हणून तो असतो. रबराचा हब जुना झाला किंवा एखादा जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत सुटतो. मग हळू चालवताना सगळं ठीक, आणि लिव्हर पुढे ढकलली की इंजिन किंचाळतं पण बोट जागची हलत नाही.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. पंख्याच्या मागच्या तोंडाशी आतल्या पितळी बुशापासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. एक चक्कर मारून या. रेघ तुटून दोन तुकडे वेगळ्या जागी दिसले तर हब घसरतोय. पिचचा इथे काही संबंध नाही.

हब ठीक असेल तर पंखा हवा खातोय का ते बघा. इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर) फार उंच बसवलेलं असेल, ट्रिम (इंजिनाचा तिरकेपणा) जास्त बाहेर असेल, किंवा वळताना पंखा पृष्ठभागाजवळ येत असेल तर वरून हवा ओढली जाते आणि पकड सुटते. पंख्याच्या वरची आडवी प्लेट साधारण तळाच्या रेषेत हवी. आणि सगळ्याच्या आधी बोटीखाली जाऊन बघा. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटलेली बोट उलट कमी आरपीएम करते आणि कमी पळते. तळ खरवडून पुन्हा मोजल्याशिवाय पंख्याबद्दल काही ठरवू नये.

"स्टील नेहमीच चांगलं."

चांगलं आहे, नेहमीच नाही. स्टेनलेस कडक असतं, त्यामुळे पाती पातळ करता येतात आणि जोरात फिरताना ती वाकत नाहीत. मोठ्या इंजिनाला, खोल आणि मोकळ्या पाण्यात, ते उत्तम. पण कोकणात आपण कुठे बोट चालवतो? खाडीच्या तोंडाशी दर पावसाळ्यात जागा बदलणारा वाळूचा दांडा असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक आहेत आणि ओहोटीला त्यांच्यामधूनच वाट काढावी लागते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचं पातं दुमडतं किंवा तुटतं आणि धक्का तिथेच बराचसा जिरतो. स्टीलचं पातं दुमडत नाही. हब दोन्हीत असतो हे खरं, पण कडक आणि जड पंख्याचा धक्का शाफ्टपर्यंत जास्त जातो, आणि गिअर दुरुस्तीच्या खर्चात ॲल्युमिनियमचे कितीतरी पंखे येतात. खडकाळ पाण्यात फिरणाऱ्या हौशी मालकाला माझा सल्ला असा: बोटीवर योग्य पिचचे दोन ॲल्युमिनियम पंखे ठेवा, एक लावलेला, एक सुटा. सोबत नट, कॉटर पिन आणि पाना.

स्टील लावलंच तर इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून त्याला लावलेले झिंकचे तुकडे जास्त वेळा तपासा. खाऱ्या पाण्यात ते लवकर झिजतात, आणि त्यांच्यावर कुणी रंग मारला असेल तर ते काम करत नाहीत.

"चार पाती म्हणजे जास्त स्पीड."

चार पात्यांनी पकड वाढते, बोट लवकर उठते, वळताना धरून राहते, थरथर कमी होते. माणसं भरून नेणाऱ्याला किंवा ट्यूब ओढणाऱ्याला हे सगळं उपयोगाचं आहे. पण टॉप स्पीड बहुधा थोडा कमीच होतो, कारण पाण्यावर घासणारा पृष्ठभाग वाढतो. त्याच पिचचा चार पात्यांचा पंखा लावला तर आरपीएमही थोडे पडतात, म्हणून सहसा एक इंच पिच कमी घेतात. सल्ला नेमका उलटा आहे: चार पाती आणि वर दोन पिच मोठा.

पाण्यात जास्त धातू फिरवला की जास्त जोर, ही समजूत पंख्याइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये १८३७ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ पॅडिंग्टन कालव्यात आपली छोटी बोट लाकडी स्क्रूवर चालवून बघत होते. त्या स्क्रूला दोन पूर्ण वेढे होते. तो कशावर तरी आदळला, अर्धा तुटून गेला, आणि बोट आधीपेक्षा जोरात चालू लागली.

"मित्राकडे हेच इंजिन आहे, त्याला हाच पंखा चालतो."

त्याच्या बोटीचा तळ वेगळा, वजन वेगळं, इंजिनाची उंची वेगळी. एकाच हॉर्सपॉवरच्या दोन मॉडेलांचा गिअर रेशोही वेगळा असू शकतो. मित्राचा पंखा मागून एक दिवस लावून बघा, जरूर बघा. पण मोजून.

"पातं वाकलं तर हातोडी."

काठावरची बारीक खाच कानसने साफ करायला हरकत नाही. वाकलेलं पातं मात्र दगडावर ठेवून ठोकू नका. तीन पात्यांपैकी एकाचा पिच थोडा जरी बदलला तरी पंखा थरथरतो, आणि ती थरथर शाफ्टच्या बेअरिंगला आणि ऑइल सीलला खाते. थंड ॲल्युमिनियम उलट वाकवलं की त्यात चीर पडते. ती दिसत नाही, पण पुढच्या धक्क्याला पातं जातं. पिच मापून दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

पंखा काढलाच आहे तर पंखा आणि गिअर यांच्यामधली जाड वॉशर काढून शाफ्टकडे नीट बघा. गळाचा नायलॉनचा दोरा किंवा जाळ्याचा धागा तिथे गुंडाळलेला अनेकदा सापडतो, केसासारखा बारीक आणि उष्णतेने वितळून घट्ट झालेला. तो सीलमध्ये शिरला की गिअरमध्ये पाणी जातं. खालचा ऑइलचा स्क्रू जरा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ दिसलं तर बोट पाण्यात उतरवू नका. हे सगळं करताना गिअर न्यूट्रलवर, किल्ली खिशात आणि इंजिन बंद करणाऱ्या किल-स्विचची दोरी काढलेली हवी. नट सोडवताना पातं हाताने धरायचं नाही, पातं आणि वरच्या प्लेटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा.

आता नवा पंखा घ्यायचाच असेल तर आधी एवढं करा. तळ साफ, नेहमीची माणसं, नेहमीचं सामान, शांत पाणी. ट्रिम नीट लावून लिव्हर पूर्ण पुढे टाका, काटा स्थिर झाला की आरपीएम आणि जीपीएसचा स्पीड लिहून घ्या. परत येताना उलट दिशेनेही मोजा, म्हणजे प्रवाहाचा फरक निघून जाईल. पुस्तिकेतला पट्टा उघडा. आरपीएम कमी असतील तर दर दीडशे-दोनशेला एक इंच पिच उतरवा, जास्त असतील तर तसाच चढवा. दुकानदाराला हे दोन आकडे, जुन्या पंख्यावर कोरलेला नंबर आणि इंजिनाचं मॉडेल सांगा, आणि बसत नसेल तर बदलून देणार का ते पैसे देण्याआधी विचारा.