विनंती थांबा

माझ्या राऊटरला काल संध्याकाळी आप्पा ‘विनंती थांबा’ म्हणाले. कट्ट्यावरच्या तीन माणसांसमोर. आणि ते शंभर टक्के बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आलाय.

मामला साधा. लातूरच्या घराला चार कॅमेरे: गेट, जिना, परसातली मोटार आणि गच्चीवरची टाकी. टाकीला कॅमेरा म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्या. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथला माणूस सोनं कपाटात ठेवतो आणि नजर टाकीवर. हे चारही कॅमेरे बाहेरगावी असताना मोबाईलवर दिसावेत, एवढंच करायचं होतं. रेकॉर्डर घेतला असता तर एकाच डब्याला बाहेरून वाट करून द्यावी लागली असती. मी पैसे वाचवले, कॅमेऱ्यांत मेमरी कार्डं घातली, आणि चार डोळ्यांना चार वाटा काढत बसलो.

आप्पा शेजारी राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले, पण नियंत्रण सोडलेलं नाही. गल्लीत ट्रॅक्टर उलटा घ्यायचा असला की आप्पा बनियनवर बाहेर येतात. मी स्टुलावर चढलो की त्यांना आतूनच वास लागतो.

“का करूलालास रे?”

“कॅमेऱ्यांना पत्ते देतोय, आप्पा. चौघांचा एकच आलाय.”

हे खरंच होतं. एकाच कंपनीचे चार नग घेतले की कारखान्यातून सगळे एकच पत्ता घेऊन येतात. माझे आले ते १९२.१६८.१.६४ घेऊन. चारही एकदम स्विचला, म्हणजे नेटच्या वायरी एकत्र येतात त्या डब्याला, जोडले की कधी गेट दिसतं, कधी टाकी, आणि बहुतेक वेळा काहीच नाही.

“चार गाड्यांना एकच पाटी?” आप्पांनी चष्मा वर केला. “प्रवासी बसंल कुठं?”

उपाय म्हणजे एकेक कॅमेरा जोडायचा, त्याचा पत्ता बदलायचा, मग पुढचा. राऊटर आपोआप जे पत्ते वाटतो त्यांचा शेवटचा आकडा १०० पर्यंतच ठेवला आणि कॅमेऱ्यांना १०१ ते १०४ दिले. पत्ता भरताना खाली ‘गेटवे’ नावाचा रकाना असतो, तिथं राऊटरचा पत्ता टाकायचा. तो रिकामा राहिला तर कॅमेरा घरात झकास दिसतो आणि बाहेरून मेल्यासारखा पडून राहतो. या एका रकान्यानं माझा पाऊण तास खाल्ला. जिन्याचा कॅमेरा. बाकीच्या तिघांत भरला होता.

मग पोर्ट फॉरवर्डिंग. हे आप्पांना समजावून सांगावं असं मला का वाटलं, देव जाणे. म्हणालो, राऊटर म्हणजे आपला स्टँड समजा. बाहेरून येणाऱ्याला स्टँडचा पत्ता एकच, आत फलाट अनेक. कॅमेऱ्याचं चित्र आतून ५५४ नंबरच्या फलाटावर मिळतं.

“कुठल्या कॅमेऱ्याचं?”

“चौघांचंही ५५४ वरच.”

“तसं जमत नसतंय. एका फलाटाला एक गाडी.”

तेच सांगणार होतो. बाहेरचे नंबर वेगळे द्यायचे: ५५४१ वर आलेला माणूस १०१ च्या ५५४ कडे, ५५४२ वाला १०२ च्या ५५४ कडे, असं ५५४४ पर्यंत. आप्पांनी खिशातून पेन काढलं, कॅमेऱ्याच्या खोक्यावर चार रेघांचा तक्ता आखला आणि वर लिहिलं ‘वेळापत्रक’. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तो तक्ता आता राऊटरशेजारी चिकटवलाय, नाइलाजानं.

सगळं भरून मी मोबाईलवर गेट उघडलं. दिसलं! मी ओरडलोच. आप्पांनी मोबाईलकडे पाहिलं, मग दारातून गेटाकडे पाहिलं, मग परत मोबाईलकडे.

“घरात बसून घर बघायला कॅमेरा कशाला लागतोय?”

वायफाय चालूच होतं. चाचणी करायची तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर. ही चूक सगळे करतात. कित्येक बसवणारेही गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात बसवून चित्र दाखवतात, पैसे घेतात आणि जातात. उलटंही होतं. काही राऊटर आतल्या माणसाला बाहेरच्या पत्त्यानं परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे जोडणी बरोबर असूनही घरातून तपासली की बंदच दिसते.

वायफाय बंद केलं. गोल चक्र फिरत राहिलं.

आता इथं माणसानं एकच गोष्ट बघायची असते, आणि ती सगळ्यात आधी बघायची असते. मी ती तीन तासांनी पाहिली. राऊटरच्या स्टेटसच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राऊटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेला पत्ता, लिहिलेला असतो. ब्राउझरमध्ये आपला आयपी शोधला की दुसरा आकडा दिसतो. दोन्ही जुळले तर पुढं जा. राऊटरमधला आकडा १९२.१६८ नं सुरू होत असेल तर कंपनीच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा डबा लावलाय. पहिल्याला ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नेट नुसतं पुढं देतो. माझा १००.७८ नं सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली: एक सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटायचा. जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीत संपला. आमच्या टाकीसारखाच, फक्त त्यांना मिरजेहून गाडी आली नाही.

हे मी आप्पांना सांगितलं. कट्ट्यावरचे तिघे तोवर आत येऊन बसले होते, चहा झाला होता.

“म्हणजे गाडी तुझ्या स्टँडात येतच नाही,” आप्पा म्हणाले. “बायपासनं जाते.”

“तसंच.”

“तू फलाट रंगवलेस, नंबर टाकलेस, वेळापत्रक लावलंस.”

“वेळापत्रक तुम्ही लावलंत.”

“आतून बाहेर जाणारी गाडी जाते का?”

“जाते. आतून कुणी मागणी केली तर त्याचं उत्तर परत येतं. बाहेरून आपणहून कुणी येऊ शकत नाही.”

आप्पांनी बशी खाली ठेवली. “हात दाखवला तर थांबते, न्हाई तर पुढं. विनंती थांबा हाय तुझा राऊटर.” मग मागं वळून, निवेदनाच्या आवाजात: “सरांचा राऊटर विनंती थांबा हाय!”

तिघे हसले. त्यातल्या एकाच्या घरी वायफायसुद्धा नाही.

मी नेटवाल्याच्या ऑफिसला फोन लावला. “सर, राऊटर बंद करून चालू करा.” मी म्हणालो, मला सार्वजनिक पत्ता हवाय. “सर, यूट्यूब चालतंय ना?” चालतंय. “मग नेट चालू आहे, सर.” स्थिर पत्ता हवा असेल तर दरमहा वेगळे पैसे, आणि अर्ज ऑफिसला येऊन. यांची वायर माझ्या गच्चीवरून पुढच्या पाच घरांना गेलीय. ती ओढताना मला कुणी अर्ज केला नव्हता. वायरचं वेटोळं टाकीच्या नळालाच बांधलंय, टाकीच्या कॅमेऱ्यात निम्मं चित्र त्याचंच. असो. असो म्हणतोय, पण सोमवारी जाणार आहे भांडायला.

तोवरची वाट आप्पांच्याच नियमानं काढली: बाहेरून कुणी येत नाही तर आतूनच हात दाखवायचा. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा क्यूआर स्कॅन करून कंपनीच्या ॲपात घातलं की हेच होतं. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं चालू ठेवतो. दोन मिनिटांचं काम, पण घराचं दार कुणाच्या भरवशावर, हे आपलं आपण ठरवायचं. मी जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, काढला आणि त्यावर टेलस्केल घातलं; बाहेरच्या मोबाईलला घरच्या जाळ्याशी खासगी वाटेनं जोडणारं सॉफ्टवेअर. घरचं अख्खं जाळं, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारे सगळे पत्ते, त्याच्यामार्फत माझ्या मोबाईलला बाहेरून दिसायला लावलं. यात दोन ठिकाणी माणूस अडकतो. रास्पबेरी पायमध्ये आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे आलेली मागणी पुढं पाठवणं, चालू करायचं राहतं, आणि टेलस्केलच्या संकेतस्थळावर जाऊन त्या मार्गाला मंजुरी द्यायची राहते. पुढं तिसरंही: पाहुण्याच्या घरचं वायफाय १९२.१६८.१ चंच निघालं तर मोबाईल आपला कॅमेरा त्याच्या घरात शोधू लागतो. म्हणून घरचं जाळं आधीच १९२.१६८.४७ सारखं काहीतरी करून घ्यावं. मी केलेलं नाही. पुन्हा चार पत्ते बदलणं आलं, आणि आप्पा आले.

फॉरवर्ड केलेले चारही पोर्ट मात्र पुसून टाकले, पासवर्ड बदलले. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्याचेच पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर कामाला जुंपले होते. माझा कॅमेरा मोटार राखायला आहे, अमेरिकेवर हल्ला करायला नाही.

चित्राचं एक सांगतो. मुख्य प्रवाह एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, चौघांचे १६. एवढा अपलोड असला तरी मोबाईलचा डेटा संपतो. म्हणून दूरवरून बघायला सबस्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राचा हलका, कमी स्पष्ट प्रवाह ठेवायची, ५१२ केबीपीएस. चार मिळून २ एमबीपीएस, म्हणजे तासाला ९०० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक एक तास चाळीस मिनिटांत साफ. नेटचा डबा, राऊटर, स्विच आणि रास्पबेरी पाय, चारही इन्व्हर्टरवर घ्या. एक जरी राहिला तरी लाईट गेली की सगळं आंधळं.

आज सकाळी अहमदपूरला पोचून मोबाईल डेटावर गेट उघडलं. आप्पा गेटासमोर, हातात पांढरा कागद उंच धरून. सबस्ट्रीमवर अक्षरं लागेनात. मुख्य प्रवाह उघडला, डेटा जळाला, अक्षरं दिसली: ‘नळ आला. मोटार लावू का?’

फोन लावला. आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात उजेड पडलेला मला इथून दिसत होता. उचलला नाही. कॅमेऱ्याकडेच बघत उभे, उत्तराची वाट पाहत.