टोनी आयोमीची दोन बोटं

मला ओळखणाऱ्यांना नवल वाटेल, पण सध्या मी ब्लॅक सबाथ हा इंग्लिश रॉक बँड ऐकते. वय ५९, जन्म लालबागच्या चाळीतला, घरात भजन, नाट्यसंगीत आणि विविध भारती. रॉक म्हटलं की कपाळावर आठी यायची. ती कशी गेली ते आज नीट लिहून ठेवावंसं वाटतंय.

२०२५च्या जुलैत त्या बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला तेव्हा माझा भाचा दोन दिवस धड जेवला नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, दाखव तरी मला कोण होता हा. त्याने मोबाइलवर ५ जुलैचा कार्यक्रम लावला. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क स्टेडियम. ऑझीला पार्किन्सन्स झालेला, उभं राहणं शक्य नाही, म्हणून मोठ्या काळ्या सिंहासनावर बसून गात होता. मधेच उठायला बघायचा आणि जमलं नाही की पुन्हा टेकायचा. समोर हजारो माणसं, त्यातली कितीतरी रडत होती. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला, ७६व्या वर्षी.

माझी नजर मात्र त्याच्यापेक्षा बाजूला शांत उभ्या असलेल्या गिटारवाल्यावर जास्त होती. टोनी आयोमी, त्याच बँडमधला. डावखुरा. भाच्याने चित्र थांबवून मोठं केलं आणि म्हणाला, "आत्या, उजव्या हाताची बोटं बघ." मधल्या दोन बोटांवर टोप्या होत्या.

आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी मशिनमध्ये हात गेला आणि मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. डावखुऱ्या गिटारवाल्याला तारा दाबायला लागतो तो उजवा हात, म्हणजे गेला तो नेमका कामाचा हात. डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसर. मग कारखान्यातल्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला हा माणूस उरलेल्या दोन बोटांवर गिटार वाजवायचा. ते ऐकून आयोमीने साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचा तुकडा वितळवला, त्याच्या टोप्या घडवल्या, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून हलक्या तारा लावल्या, आणि पुढे गिटारचा सूरही खाली उतरवला. १९७०च्या पहिल्या रेकॉर्डपासून जगभरातल्या पोरांनी ज्याची नक्कल केली, तो जड आवाज घडण्यात त्या तुटलेल्या बोटांचा मोठा वाटा आहे.

हे ऐकलं आणि मला बाबा दिसले.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना साच्यात त्यांच्या उजव्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं. बाबा आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. कोकणातून आलेल्यांचं मंडळ, शनिवारी रात्री चाळीच्या पटांगणात भजनाची बारी लागायची. बोटाची जखम भरली तशी आई म्हणाली, आता मृदंगाला हात लावू नका. बाबांनी ऐकलं नाही. गिरणीतून आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. मधल्या बोटाने घाव नीट उमटेना, म्हणून तो अनामिकेवर घ्यायचा प्रयत्न. तासन्‌तास तेच. डाव्या तोंडाची कणीक वाळून पडायची, ती आईने पुन्हा मळून द्यायची. वर्षभराने ते परत बारीला बसले तेव्हा त्यांचा ठेका बदलला होता, थोडा बसका, थोडा मागे रेलून चालणारा. बुवा म्हणायचे, मला हाच हवा. मोठ्या सुट्टीत गावाकडची माणसंही तो ऐकायला यायची.

पुढे १८ जानेवारी १९८२ला संप झाला. बाबांनी नंतर रखवालदारी केली. पखवाज त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सत्तरीत हात कापायचा, तरी ते बसले की पोरं जागा करून द्यायची.

आता माझ्या भावाचं. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवरून कॅसेट आणायचा, धोबीतलावच्या रंगभवनला रॉकचे कार्यक्रम ऐकायला जायचा आणि शेवटच्या गाडीने परत यायचा. त्याच्या काळ्या टीशर्टवरून मी त्याला किती बोलले असेन. गिरण्या बंद पडताहेत, बाबा रात्रपाळीला खुर्चीत बसताहेत आणि हा मोठ्या घरच्या पोरांचा गोंगाट घरात आणतोय, असं मला मनापासून वाटायचं. त्याला एकदाही विचारलं नाही की यात तुला काय सापडतं. मोठ्या घरचा? अॅस्टनमध्ये, त्याच व्हिला पार्कच्या आसपास, कामगारांच्या गल्ल्यांत ही ब्लॅक सबाथची पोरं वाढली. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं. परळ-लालबागच्या पोराला यात आपलं काही ऐकू आलं असेल तर त्यात चूक काय होती?

दुसरी गोष्ट वयाची, आणि इथे माझं मत ठाम आहे. आपल्याकडे म्हातारा गवई स्टेजवर आला की आपण सावरून बसतो. आवाज फाटला, दम कमी पडला तरी त्याने कुठे काय गाळलं, कुठे थांबला, हे आपण जिवाचे कान करून ऐकतो. मल्लिकार्जुन मन्सूर उतारवयात कसे गायचे, याच्या आठवणी लोक अजून सांगतात. मग रॉकवाल्यालाच "आता पुरे करा" का म्हणायचं? रोलिंग स्टोन्स हा जुना इंग्लिश रॉक बँड एप्रिल २००३मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला होता. माझं ऑफिस चर्चगेटला. माझ्या टेबलाभोवती सगळे हसत होते, या वयात कसल्या उड्या मारतात म्हणून. मीही हसले. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा ५९ वर्षांचा होता, आज मी आहे तेवढाच. २०२४मध्ये, ऐंशीचा असताना, तो पुन्हा अमेरिकाभर दौरा करून आला. साठ वर्षं एकच काम हातात धरून राहणं काय असतं, हे विशीत कळायला मार्ग नव्हता. मला तर नव्हताच.

आणि ऑझीच्या त्या शेवटच्या गाण्यांत मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्याच्या सुटलेल्या सुरांनी. तरुणपणीच्या रेकॉर्ड भाच्याने नंतर ऐकवल्या. त्यातला आवाज धारदार आहे, चांगलाच आहे. पण व्हिला पार्कवर एखादी ओळ अर्धी राहायची, लोक ती पूर्ण करायचे आणि तो त्यांच्याकडे बघत राहायचा. आमच्या मंडळात बुवा थकले की कोरस असाच अभंग उचलायचा.

त्या रात्री साडेअकराला मी भावाला फोन केला. तो पनवेलला असतो, झोपला होता. आयोमीच्या बोटांचं सांगितलं, बाबांच्या अनामिकेचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मालवणीत म्हणाला, "ताई, माका ह्या तेव्हाच दिसला होता. बाबांका पण मी ती कॅसेट ऐकवलंय." मी विचारलं, बाबा काय म्हणाले? म्हणाला, "काय नाय. मांडीवर ठेको धरल्यानी."