उंदरापासून माणसापर्यंत
खोल समुद्रातल्या जिवाणूंपासून सूज उतरवणारी औषधं मिळू शकतील, हे तुमच्या लेखात छान मांडलंय. पण यातले बरेचसे निष्कर्ष पेशींवरचे नि उंदरांवरचे, हे ठळक यायला हवं होतं. प्रयोगशाळेतून माणसापर्यंतची वाट किती अवघड, याचं एक उदाहरण: बहामाजच्या समुद्रतळातल्या गाळात सापडलेल्या सॅलिनिस्पोरा जिवाणूपासून मिळालेलं सॅलिनोस्पोरामाइड-ए हे रसायन २००३ मध्ये जाहीर झालं, कर्करोगासाठी माणसांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीपर्यंत पोचलं, आणि तिथे मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. इथे इंदूरला माझ्या आईची बोटं संधिवातानं सकाळी इतकी आखडतात की दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नाही. गोळी घ्यावी तर पोटात आग पडते. म्हणून नवं औषध हवंच. आपल्या सरकारच्या डीप ओशन मिशन या खोल समुद्राच्या मोहिमेत समुद्रतळातल्या सूक्ष्मजीवांचा शोध आहे. त्याला पैसा कमी पडू देऊ नका, एवढंच कळकळीनं सांगणं.