हं, मग पुढे?

नवविधा भक्तीत श्रवणाचा नंबर पहिला. कीर्तनाला गळा हवा, अर्चनाला सामग्री हवी, पादसेवनाला धड गुडघे हवेत. आत्मनिवेदनाचं तर नावच काढायला नको. श्रवणाला काय लागतं? दोन कान, आणि ते जन्मतःच मिळालेले. बिनभांडवली साधना म्हणून मी तीच धरली. भागवतात हा क्रम प्रल्हाद सांगतो, पण तो कुणाला सांगतोय इकडे आपलं लक्ष जात नाही. तो सांगतोय हिरण्यकशिपूला, प्रत्यक्ष बापाला. बापाने ते ऐकून काय केलं? पोराला मांडीवरून खाली फेकलं. या साधनेचं भवितव्य तिथेच स्पष्ट झालं होतं.

तसं बघितलं तर निसर्गाने आपल्या बाजूने काही कमी केलेलं नाही. डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले, कान मात्र उघडे ठेवले. शरीरातलं सगळ्यात लहान हाड कानातच असतं, जेमतेम ३ मिलिमीटरचं, आणि ते बिचारं आपण झोपलो तरी थरथरत काम करत राहतं. एवढी नाजूक यंत्रणा अहोरात्र चालू ठेवून तिच्यामागे बसलेला इसम काय करतो? तो समोरच्याचं वाक्य कधी संपतंय याची वाट बघत असतो.

हे मी रागाने म्हणत नाही, याला शास्त्राचा आधार आहे. जगातल्या दहा भाषांमधलं बोलणं तपासून संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आणि एक साधा शब्द मनात जुळवून ओठांवर आणायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आता करा हिशोब. समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार व्हायला लागलेलं असतं. तो अजून मुद्द्याशी पोचायचाय आणि आपली जीभ चपला घालून दारात उभी!

ही जीभ आवरायला म्हणून मी एका श्रवण-शिबिराला गेलो. तिथे जोड्या लावल्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही आणि 'अगदी अगदी, माझंही सेम' हे तर मुळीच म्हणायचं नाही. माझ्या वाट्याला एक निवृत्त गृहस्थ आले. खुर्चीत जपून टेकत ते म्हणाले, "माझी पाठ धरते हो." त्यांनी 'पाठ' म्हणायचा अवकाश, माझ्या डोक्यात एक तेल, एक आसन आणि एक डॉक्टर हजर. तेलाचं नाव तर ओठांपर्यंत आलं. मी ओठ मिटले, तेल नाकावाटे सुस्काऱ्याच्या रूपाने बाहेर पडलं. गृहस्थ बोलत राहिले. मी आसनाला दाबलं, तर डॉक्टर वर आला. डॉक्टरला खाली ढकललं, तर तेल पुन्हा हजर. माणसाला मौन पाळता येतं, पण माहीत असलेलं तेल न सांगता बसणं हे तप आहे. मग कधीतरी कानावर आलं की ही पाठ अंथरुणाला खिळलेल्या बायकोला उचलून बसवता बसवता धरली होती, आणि आता उचलायला कुणी नव्हतं. तेलाला काही अर्थच उरला नव्हता. तेवढ्यात घंटा वाजली आणि संयोजकांनी सगळ्यांना "आता अदलाबदल" असं सांगितलं. मला पाठीचं काही बोलवेना.

घरी सराव सुरू केला तर वेगळ्याच अडचणी. बायको बोलत असताना मी मोबाईल पालथा घातला, तिच्याकडे वळून बसलो आणि शांतपणे ऐकू लागलो. ती मध्येच थांबली. "काय झालं? काही लपवतोयस का?" मी मानेनेच नाही म्हटलं. मग तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. थोडक्यात, संसारात अवधान हे आजारपणाचं किंवा अपराधाचं लक्षण मानलं जातं.

त्याआधी आमचं व्यवस्थित चाललं होतं. "मी काय म्हणाले सांग" अशी परीक्षा झाली की मी शेवटचे चार-पाच शब्द बिनचूक म्हणून दाखवायचो. त्यामागे माझं काही कर्तृत्व नव्हतं. कानावर पडलेला आवाज मेंदू तीन-चार सेकंद जसाच्या तसा धरून ठेवतो, आपण लक्ष दिलेलं असो वा नसो. निसर्गाने ही सोय कशासाठी केली असेल ती असो, पण तिने सावरलेल्या संसारांची कुठे नोंद नाही, हा अन्याय आहे.

श्रवणाचे आदर्शही असे की आपली छाती दडपावी. परीक्षिताने सात दिवस बसून भागवत ऐकलं म्हणतात. पण सातव्या दिवशी तक्षक नाग डसायला येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एवढी खात्रीची मुदत समोर असली की मध्येच 'एक मिनिट हं, एक फोन घेतो' म्हणायची इच्छा होत नसावी. आपल्याला मुदत कळवलेली नाही, म्हणून आपण फोन घेतो.

फोनवरून आठवलं. मावशीचा फोन आला की निदान अर्धा तास जातो आणि त्यात गाडी चुकल्याची गोष्ट येते. काका पाणी भरायला फलाटावर उतरले, गाडी सुटली, मावशी दोन पोरांसह आत आणि काका फिरकीचा तांब्या घेऊन बाहेर. 'पुढच्या स्टेशनावर भेटले' हा शेवट. ही गोष्ट मला तोंडपाठ आहे. ठरवलं, साधना करायची तर हिच्यावरच. डोळे मिटून, अगदी शिबिरातल्यासारखा निःशब्द बसलो. गाडी सुटायच्या आतच मावशी, "हॅलो? हॅलो? अरे, गेला वाटतं फोन," असं म्हणून ठेवूनही मोकळी झाली.

म्हणजे हुंकार द्यायला हवा. आणि तोही खरा. कॅनडात एक प्रयोग झाला होता, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. जिवावर बेतून थोडक्यात निभावल्याची हकीकत एकाने सांगायची. ऐकणाऱ्याला गुपचूप सांगून ठेवलेलं, की ठराविक अक्षराने सुरू होणारे शब्द टिपत बस. ऐकणारे टिपण्यात गुंतले आणि सांगणाऱ्यांच्या हकीकतीच बिघडल्या, विशेषतः शेवट. भरकटले, अडखळले. माऊलींना हे सातशे वर्षांपूर्वी ठाऊक असणार. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरूच होतो तो श्रोत्यांपाशी अवधान मागून. एवढी प्रतिभा असलेला माणूस आधी 'लक्ष द्या' म्हणतो, मग मावशीने काय घोडं मारलंय?

पुढच्या खेपेला गाडी सुटली तेव्हा मी मनापासून म्हटलं, "हं, मग पुढे?"

मावशी थांबली. तिला बहुधा 'पुढच्या स्टेशनावर भेटले' हे मीच म्हणेन असं वाटलं होतं; एरवी मीच म्हणतो. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? गाडी सुटली ना, तेव्हा क्षणभर बरंच वाटलं रे मला. लग्नानंतर पहिल्यांदा खिडकीची जागा मिळाली होती."

एवढ्या वर्षांत ही खिडकी गोष्टीत कधी आली नव्हती. मग बाहेर काय काय दिसलं ते आलं, पोरं कशी गप्प बसली ते आलं, पुढच्या स्टेशनावर काका दिसल्यावर काय वाटलं तेही आलं, पण ते मी इथे लिहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "आज किती छान ऐकलंस रे! आता तू सांग, तुझं काय चाललंय?"

मी भारावलोच. इतक्या दिवसांचं साठलेलं भडाभडा सांगायला लागलो. तिकडून "हं" येत होतं. थोड्या वेळाने मागून टीव्हीचाही आवाज यायला लागला. मी मुद्दामच एका वाक्याच्या मध्यात थांबून पाहिलं.

"हं," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने पुन्हा, "हं."