पाळकाने आपले ओझे कोणापाशी उतरवावे? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय बंधू, आपणांस सलाम.

मराठवाड्यातील पाळकांनी संप्रदायांचा भेद बाजूला ठेवून महिन्यातून एकदा, चार-पाच जणांच्या लहान गटात, प्रार्थनेसाठी आणि मोकळ्या बोलण्यासाठी एकत्र बसावे, असे मी मागच्या लेखात सुचवले होते. त्यावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. ज्याचा भरवसा देवावर आहे त्या सेवकाला माणसांच्या आधाराची गरज पडू नये, हा पहिला. पाळकांच्या बैठका म्हणजे हारतुरे, भाषणे आणि छायाचित्रे, हा दुसरा. दार लावून बसलेले पाळक एकमेकांचे दोष झाकतील, हा तिसरा. आणि निरनिराळ्या मंडळ्यांचे सेवक एकत्र बसू लागले की शिकवण पातळ होते व सभासदांची ओढाताण सुरू होते, हा चौथा. आपण स्वतः मंडळीच्या पंच कमिटीवर काम करता, त्यामुळे हे आक्षेप अनुभवातून आले आहेत हे मला दिसते आणि म्हणूनच सविस्तर उत्तर देत आहे.

दुसऱ्या आक्षेपावर आपला वाद नाही. संयुक्त ख्रिस्तजयंतीच्या मेळाव्यात पाळक व्यासपीठावर शेजारी शेजारी बसतात, सत्कार होतात आणि सगळे आपापल्या गावी परततात. त्या मेळाव्याला त्याचे स्थान आहे. मी बोलतो आहे ते त्याच्याविषयी नाही.

पहिला आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो भक्तीच्या भाषेत येतो आणि म्हणून त्याला उत्तर द्यायला पाळक कचरतात. गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना बरोबर नेले, आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाला आहे असे त्यांच्याजवळ उघड सांगितले आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. ते तिघे झोपी गेले हे खरे, पण त्याने मागितले हेही तितकेच खरे आहे, आणि ज्याने मागितले त्याचा पित्यावर भरवसा नव्हता असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात आपली स्थिती लपवलेली नाही: मासेदोनियात आल्यावर बाहेर भांडणे होती, आत भीती होती, आणि दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने सांत्वन केले. सांत्वन देवाचेच होते, पण ते घेऊन आला तो प्रवास करून थकलेला एक माणूस. आपण देव की माणूस असा जो पेच मांडला आहे, तो शास्त्रात मला सापडत नाही.

आता आपल्याकडची स्थिती पाहू. परतूर, मंठा किंवा गेवराईच्या बाजूला एका पाळकाकडे अनेकदा चार-सहा गावे असतात. दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणारी कुटुंबे उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर निघून जातात, आणि ख्रिस्तजयंतीच्या उपासनेला म्हातारी माणसे व मागे ठेवलेली लेकरे एवढीच मंडळी उरते. दानार्पण घटते, पाळकाच्या घरखर्चाची ओढ सुरू होते, पण उधारी मागायला ज्यांच्या दारात जावे ते त्याच्याच मंडळीचे सभासद असतात. पाऊस हुकलेल्या वर्षी कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरी तो प्रार्थना करतो, मूठमाती देतो, विधवेच्या कागदपत्रांसाठी तहसीलला जातो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याने हे कोणापाशी बोलावे? पंच कमिटीपुढे बोलला तर पाळक खचला अशी चर्चा होते. बिशपसाहेबांपुढे बोलावे तर बदलीचा विचार मनात येतो. पत्नीपाशी बोलतो, आणि मग पाळकीणबाईंच्या वाट्याला दोघांचे ओझे येते. स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळी चालवणाऱ्या पास्टरची अवस्था याहून अवघड असते, कारण त्याला बिशप नाही, बदली नाही, भविष्य निर्वाह निधी नाही आणि आठवणीने विचारपूस करणारे वरिष्ठही नाहीत. अशा माणसाला केवळ ‘प्रार्थनेत राहा’ एवढेच सांगणे मला कठोर वाटते.

मराठीसाठी ज्यांचे ऋण आपण मानतो, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले आणि ज्यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला, त्या इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. बंगालमध्ये आल्यानंतर थोड्याच दिवसांनी, १७९४ च्या आरंभी, त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले की आपण परक्या देशात एकटे आहोत, ख्रिस्ती मित्र नाही, कुटुंब मोठे आहे आणि त्याच्या गरजा भागवायला काही नाही. त्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा पीटर वारला आणि पत्नी डोरोथी यांचे मानसिक आजारपण वाढत गेले. १८०० मध्ये ते श्रीरामपूरला मार्शमन व वॉर्ड या सहकारी मिशनऱ्यांबरोबर राहू लागले, आणि ज्या कामासाठी आपण कॅरींना ओळखतो त्याचा फार मोठा भाग त्यानंतरचा आहे. कॅरींचा विश्वास १८०० पूर्वी कमी होता म्हणून हे घडले असे नाही. सोबत मिळाल्यावर त्याच विश्वासाने काम उभे राहिले.

श्रीरामपूरच्या त्या घराची एक रीत आपल्या तिसऱ्या आक्षेपाशी थेट जोडलेली आहे. तेथे शनिवारची संध्याकाळ आपसातील मतभेद मिटवण्यासाठी आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा देण्यासाठी राखून ठेवलेली होती. रविवारच्या उपासनेआधी मनातले काढून टाकायचे, हा त्यामागचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. जेथे आठवड्याला किंवा महिन्याला समोरासमोर बसून विचारले जाते, तेथे दोष झाकणे सोपे राहत नाही. ज्याला कोणीच काही विचारत नाही तो पाळक बाहेरून स्वच्छ दिसत राहतो, आणि गोष्ट उघडकीस येते तेव्हा मंडळी दुभंगलेली असते. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंक्तीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. हे करू शकला तो पौल त्याचा सहकारी होता.

तरीही आपली भीती निराधार नाही, आणि गुप्ततेची हद्द आधीच ठरवून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मनाची कोरड, पत्नीशी झालेला तंटा, प्रार्थना न होणे, कर्ज, मत्सर, मोह, हे सर्व त्या खोलीतच राहावे. पण मंडळीच्या पैशांचा गैरव्यवहार किंवा कोणा स्त्रीवर झालेला अन्याय समोर आला, तर प्रार्थना करून तो विषय मिटवण्याचा अधिकार त्या गटाला नाही. पैशांची गोष्ट मंडळीच्या जबाबदार समितीपुढे गेलीच पाहिजे, आणि पीडित स्त्रीला तक्रार करायची असेल तर त्या पाळकांनी तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. बालकांच्या बाबतीत तर पोक्सो कायद्याचे, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविषयीच्या २०१२ च्या अधिनियमाचे, कलम १९ स्पष्ट आहे: गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवायचे आहे, मग तो पाळक असो वा पाळकाचा मित्र. हे पहिल्याच बैठकीत मोठ्याने सांगितले जावे.

शिकवण पातळ होण्याविषयी आपण लिहिले आहे. मराठवाड्याची ख्रिस्ती मंडळी अनेक हातांनी उभी राहिली. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. औरंगाबादेत अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीचे रत्नजी नौरोजी राबले. ती सोसायटीसुद्धा अशाच एका गटातून निघाली. लंडनमध्ये १७८३ पासून अँग्लिकन पाळक जॉन न्यूटन आणि इतर काही सेवक नियमित भेटून चर्चा करीत असत, त्यात अँग्लिकन चर्चबाहेरचे सेवकही होते, आणि त्यांच्या बैठकांतील विचारविनिमयातून १७९९ मध्ये ही संस्था स्थापन झाली. त्यामुळे न्यूटन यांचे अँग्लिकनपण काही सुटले नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला निरनिराळ्या चर्चचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन वारसा एका घटनेखाली आला, तर मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया शेवटी बाहेर राहिली. घटना ठरावाने मंजूर होते. दोन पाळकांमधला विश्वास मात्र वर्षानुवर्षे भेटूनच तयार होतो. माझ्या सूचनेत कोणी कोणाचा बाप्तिस्मा तपासायचा नाही आणि प्रभुभोजनही एकत्र घ्यायचे नाही. शास्त्र वाचायचे, विचारपूस करायची, एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, एवढेच. कॅथलिक फादरांना आपल्या धर्मप्रांतात वार्षिक रिट्रीट असतेच; ते आले तर त्या शिस्तीतून आम्हा प्रोटेस्टंटांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सभासदांची ओढाताण आज पाळक भेटत नाहीत म्हणूनच अधिक होते. नाराज कुटुंब दुसऱ्या मंडळीत गेले की तेथील पाळकाने आधीच्या पाळकाला फोन करावा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे गैरसमज टळतील, आणि असा फोन ओळखीच्या माणसालाच केला जातो.

आपण शेवटी विचारले आहे की यात पंच कमिटीने काय करायचे. आपल्या पाळकसाहेबांना महिन्यातला एक सोमवार मोकळा द्यावा, त्या दिवशी घरभरणी किंवा वाढदिवसाच्या प्रार्थनेचे निमंत्रण देऊ नये, एसटीचे भाडे मंडळीच्या खर्चात धरावे आणि परत आल्यावर तेथे काय बोलणे झाले हे विचारू नये. पाळकीणबाईंसाठीही अशीच वेगळी भेट व्हावी, त्यांच्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईंच्या पुढाकाराने, आणि त्यांच्याही प्रवासाचा खर्च मंडळीनेच उचलावा.